बिब्बा आणि शंभर पावलं

अक्का, तुझ्या उजव्या गुडघ्यावर बिब्बा मी लावला होता. तू नाही, मी. हे लिहायला मला पन्नासाहून जास्त वर्षं लागली आणि लिहून बघते तर केवढंसं आहे! एका ओळीत मावलं.

सारी हयात तुला 'तुम्ही' म्हणाले. थोरल्या जावेला मान द्यायचा हा आत्याबाईंचा, म्हणजे आपल्या सासूबाईंचा दंडक होता. आता त्याही नाहीत, तूही नाहीस. ऐकायला कोणी नाही असं बघून 'तू' म्हणून घेते. राग आला तर ये परत आणि सांग.

ती एकोणीस वर्षांची पोरगी आज माझ्यासमोर आली असती तर मी तिचे कान उपटले असते. लग्नाला चार महिने झालेले. माहेर नांदेडचं, म्हणून शहराची मिजास. सातवी पास, म्हणून अकलेची मिजास. औशाजवळच्या आपल्या त्या गावात आल्या आल्या मी सांगून टाकलं होतं की माझ्या आजीला औषधपाण्याचं सगळं कळतं. खरी गोष्ट अशी की माझ्या आजीला ओवा कोणता आणि जिरं कोणतं हे वास घेतल्याशिवाय सांगता येत नव्हतं. पण औसा आणि नांदेड यांच्यामध्ये तेव्हा बरंच अंतर होतं आणि आजी काही खुलासा करायला येणार नव्हती.

श्रावण नुकताच लागला होता. खुरपणीत दिवसभर बसून बसून तुझा गुडघा सुजला होता. संध्याकाळी तू चुलीवर निरगुडीचा पाला उकळायला ठेवलास, कपड्यात गुंडाळून शेकायला. मी तिथं जाऊन उभी राहिले. म्हणाले, "अक्का, पाल्यानं काय होतंय? बिब्बा लावा. एका दिवसात उतार."

माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते ऐक. माझी आजी टाचेच्या भेगांना बिब्ब्याचं तेल लावायची. माझ्या आजीचे गुडघे कधी दुखले नाहीत. या दोन गोष्टी मी एकमेकींना जोडल्या. सातवी पास बाई, हिशेब पक्का!

तू म्हणालीस, "धाकटे, बिब्बा टाचेला लावत्यात गं. तिथली कातडी जाड असती."

"तुमच्याकडं टाचेला लावत असतील. आमच्या नांदेडकडं गुडघ्याला लावतात."

तू माझ्याकडं बघितलंस. जरा जास्तच वेळ बघितलंस. मग पाटावर बसलीस आणि लुगडं गुडघ्यापर्यंत ओढून पाय पुढं केलास. मी सुईला बिब्बा टोचला, दिव्यावर धरला, काळं तेल सुटायला लागलं आणि मी ते तुझ्या गुडघ्यावर गोल गोल ओढत गेले, रांगोळी काढावी तसं. वर विचारलं, "कसं वाटतंय?" तू म्हणालीस, "गरम वाटतंय."

तुला ठाऊक होतं, नाही का? मला हे कळायला स्वतःच्या सुना याव्या लागल्या. घरात नवी आलेली पोर पहिल्यांदाच काहीतरी आपणहून करायला बघतेय, तिला नको म्हटलं तर ती वर्षभर तोंड उघडणार नाही, असं काहीतरी तुझ्या मनात आलं असणार. त्यापायी तू पाय पुढं केलास. इतकं महाग कोणी कोणाचं मन राखतं का गं?

सकाळी बिब्बा उतला. गुडघ्यावर फोडच फोड, मांडीपर्यंत लाली, अंगात ताप. आत्याबाईंनी खोबरं आणि तीळ वाटून लेप घातला आणि मग कंबरेवर हात ठेवून विचारलं, "कुणाचा उद्योग हाय ह्यो?"

मी दाराच्या आड होते. हातात केरसुणी होती. ती मी इतकी घट्ट धरली होती की तिच्या दोन काड्या मोडल्या.

तू म्हणालीस, "माझाच. मीच लावला, आत्याबाई."

"आगं, पाच वर्सं झाली तुला हितं येऊन! दोन लेकरांची माय तू. गुडघ्याला बिब्बा लावत्यात का? अक्कल काय मातीत पुरून आलीस?"

तू काही बोलली नाहीस. मीही काही बोलले नाही. पण तुझं गप्प बसणं वेगळं होतं आणि माझं वेगळं.

पंधरा दिवस तुला मांडी घालता आली नाही. पंचमीसाठी तुझा भाऊ न्यायला आला, निलंग्याच्या पलीकडून, कर्नाटकाच्या शिवेवरच्या तुझ्या गावाहून. त्यानं तुझा पाय बघितला, च्या पिला आणि एकटाच परत गेला. आणि मी? माझी पहिली पंचमी होती. मी नांदेडला गेले. माझी पिशवी तू भरून दिलीस, बसल्या जागेवरून, पाय लांब करून. वाटेत मळमळू नये म्हणून आल्याचा तुकडा मिठात घोळून कागदाच्या पुडीत दिलास. मी तो चघळत गेले आणि लिंबाच्या झोक्यावर उभी राहून असे झोके घेतले की खालच्या पोरी ओरडायला लागल्या. झोका वर गेला की तुझा गुडघा आठवायचा, खाली आला की विसरायचा. माझी सारी उमर तशीच गेली बघ.

पुढं तर कहर झाला. आपल्या घरात त्याची म्हणच झाली. कोणी न विचारता काही औषध घेतलं, कोणी तापात गार पाण्यानं डोकं धुतलं, की घरचं लहानमोठं माणूस म्हणायचं, "अक्कावाणी बिब्बा लावशील!" पोरं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, नव्या सुनांना ही गोष्ट हसून हसून सांगितली गेली. मीही हसले. नुसती हसले नाही, अक्का, मी ती सांगितली. आत्याबाईंच्या आवाजात, कंबरेवर हात ठेवून. लोक म्हणायचे, धाकटीनं सांगावी. तू भाकरी थापत असायचीस. तुझा हात एवढासाही थांबायचा नाही.

मात्र बिब्ब्याच्या त्या दिवसापासून तू एक गोष्ट सोडली नाहीस. कोणाच्याही अंगाला काही लावायचं असलं, की आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं. माझ्या बाळंतपणात अंगाला चोळायचं तेल असो, पोराच्या पोटावर बांधायचं कोमट रुईचं पान असो, आधी तुझं मनगट. मी शेगडीवरच्या ओव्याच्या धुरीत अर्धवट झोपेत पडलेली असायचे आणि धुरातून तुझं मनगट दिसायचं, तेलानं चमकणारं. त्या सव्वा महिन्यात मी जेवढी झोपले तेवढी आयुष्यात झोपले नाही. जागी झाले की तू असायचीस, पुन्हा डोळा लागायचा, पुन्हा उघडला की तूच. हातात बाळंतशेपांचं पाणी. "पी. तोंड वाकडं नको करू, दूध कुणाला येणार, मला का तुला?"

तुझ्या काढ्याबद्दल आता खरं सांगायला हरकत नाही. तो इतका कडू असायचा की माणूस पुन्हा प्यावा लागेल या भीतीनंच बरा व्हायचा. बेंबीत करडईचं तेल घातल्यानं ओठ फुटत नाहीत हे तू मला तीस वर्षं सांगितलंस, मी तीस वर्षं घातलं, माझे ओठ दर थंडीत फुटले. पण सकाळचं कोमट पाणी, ज्वारीची भाकर सावकाश चावून खाणं, रात्री पोट थोडं रिकामं ठेवणं, यात मला काही खोट काढता आली नाही, आणि मी शोधली नव्हती असं नाही.

आपलं खरं भांडण एकच. ते राहिलं आहे.

तू म्हणायचीस, जेवल्यावर शंभर पावलं चालायची. मी म्हणायचे, जेवल्यावर डाव्या कुशीवर पडायचं. तू म्हणायचीस, "जनावर बी खाल्लं की लगेच आडवं हुईत न्हाई." मी म्हणायचे, "जनावर रवंथ करायला बसतंच की, अक्का! तुम्ही गोठ्यात बघितलं नाही का?" त्यावर तू पदर खोचून अंगणात निघायचीस. आणि मोजायचीस कानडीत. ओंदु, एरडु, मूरु. आजोळी शिकलेले आकडे होते म्हणे. माझा आजही संशय आहे की तू साठ-सत्तरावरच आटपायचीस. कोणाला कळत होतं घरात? मी माजघरात गोधडीवर पडलेली, दारातून उन्हाची पट्टी आत आलेली, त्या पट्टीतून तुझी सावली जायची, यायची. नाल्कु, ऐदु. त्या आकड्यांवर मला अशी झोप लागायची की अंगाईची काय बिशाद! तुझ्या चालण्यावर मी झोपले, अक्का. माझी निम्मी तब्येत तुझ्या पावलांनी राखली, फक्त माझे पाय न हलवता.

मग आपल्या दोघींचे नवरे मागंपुढं गेले, शेत पोरांनी वाटून घेतलं, मी नांदेडला लेकाकडं आले आणि तू लातूरला सुमनकडं. लेकीच्या घरी राहायचं नाही म्हणून तू दोन वर्षं नन्नाचा पाढा लावलास. शेवटी सुमननंच तुझा तांब्या उचलून नेला. मागोमाग तू गेलीस. त्या तांब्याशिवाय तुझी सकाळ होत नव्हती.

मोबाइल आल्यावर माझ्यातली सातवी पास पुन्हा जागी झाली. कोणीतरी पाठवलं होतं की लसूण आणि मध घ्या, बीपीची गोळी सोडा. मी सोडली. घरात कोणाला सांगितलं नाही. बारा दिवस झाले, डोकं जड, पायाखालची फरशी हलतेय असं वाटायला लागलं. तरी हौस अशी की तुला फोन करून फुशारकी मारली.

तू विचारलंस, "डॉक्टरला इचारलंस का?"

"त्याला काय विचारायचं? मोबाइलवर आलंय. किती लोकांना गुण आलाय."

तू मग अगदी सावकाश म्हणालीस, "आस्सं. म्हंजी आमच्या नांदेडकडं लावतात, तसंच का?"

इतक्या वर्षांत एवढंच एक वाक्य. तुला ते शब्दच्या शब्द आठवत होतं! तुमच्या गल्लीतला भाजीवाला ओरडत होता, तो मला नांदेडात ऐकू आला.

मग तू म्हणालीस, "गोळी बी घे, लसूण बी खा. दोघांचं भांडण लावायला तुला कुणी सांगितलंय? मी शुगरची गोळी घेती अन् मेथ्या बी खाती. आत्ता पोराला सांग अन् दवाखान्यात जा. मी फोन ठेवती."

गेले. डॉक्टरीणबाई माझ्यावर ओरडल्या. मला बरं वाटलं. त्यांचा आवाज आत्याबाईंसारखा होता.

त्याच वर्षी दिवाळीनंतर मी लातूरला आले ती ठरवून. बसमध्ये अहमदपूर गेलं तरी वाक्य पाठ करत होते. 'अक्का, तुम्ही माझा आळ अंगावर घेतलात. मी आता सगळ्यांना सांगणार आहे.' सुमनच्या घरी जेवणं झाली. अंबाडीची भाजी होती, वर करडईच्या तेलाची फोडणी, मी नको तेवढं जेवले. मग तुला म्हणाले, "अक्का, ते बिब्ब्याचं…"

तू हातातली बडीशेप माझ्या हातावर ठेवलीस. "जेवलीस नव्हं? चल, शंभर पावलं टाकू. गच्चीवर जाऊ. तिथं बोल काय बोलायचं ते."

आणि मी काय म्हणाले? माझ्या तोंडाला आग लागो. म्हणाले, "अक्का, मी पडते जरा. तुम्ही या चालून."

तू गेलीस. वरून तुझी पावलं ऐकू येत होती. मी डाव्या कुशीवर वळले आणि झोपले. उठले तेव्हा पाहुणे आले होते, च्या झाला होता, वाक्य कुठंतरी उशीखाली राहिलं होतं. घाबरले होते गं मी. झोप हे निमित्त. पोट भरलं की मला झोप येते आणि भीती वाटली की त्याहून जास्त येते.

यंदा तू गेलीस. सकाळचं कोमट पाणी पिऊन, तांब्या धुऊन पालथा घालून, खुर्चीत बसल्या बसल्या. सुमन म्हणाली, कोणाला हाक मारली नाही. निरोप न घेता जायची सवय तुला कधीपासून लागली?

आता मला दुपारी एक गंमत होते. तुझ्यामागं मी इथं लातूरलाच राहिले आहे. जेवण झालं की पडते, डाव्या कुशीवरच. डोळा लागतो न लागतो तोच गच्चीवर पावलं वाजायला लागतात. छत जरासं पातळ होतं, पातेल्यातल्या पाण्यासारखं, आणि त्यातून मला तुझे तळवे दिसतात, खालून. भेग नाही एकही. मी मोजायचा प्रयत्न करते, मला तीनच्या पुढचं नीट येत नाही. मूरु, मूरु, मूरु. तू चालता चालता अंगणात उतरतेस, अंगण औशाचं असतं, निरगुडीचा वास येतो, लिंबाला झोका असतो आणि त्याच्यावर कोणी नसतं, तरी तो हलत असतो. मी तुला हाक मारते, "अक्का, थांबा, मला बोलायचंय." तू थांबत नाहीस. मान वळवून म्हणतेस, "चालत चालत बोल की." माझे पाय गोधडीत अडकलेले. मग जाग येते आणि गच्चीवर वाळत घातलेली चादर वाऱ्यानं फटफटत असते, एवढंच.

तुला आंघोळ घालताना मी होते. सुमन पाय धूत होती, मी गुडघा धुतला. डाग तसाच होता, जांभळाएवढा, काळा. तुझं सगळं अंग सुरकुतलं होतं, तेवढीच जागा गुळगुळीत राहिली होती. मी तिच्यावर बोट फिरवलं, गोल गोल. तेव्हाही बोलले नाही. बायका होत्या भोवती.

तेराव्याला सगळे जमले. आपली पोरं, सुना, नातवंडं, पंगतीला साठेक माणूस. गोडाचं जेवण होतं. तुझ्या गोष्टी निघाल्या, तुझ्या काढ्याच्या, तुझ्या मनगटाच्या. लोक रडून दमले होते, त्यांना हसायचं होतं. माझ्याच मोठ्या नातीचा नवरा, नवा माणूस, बिचारा म्हणाला, "ते बिब्ब्याचं काय आहे हो? आजींनी स्वतःच्याच गुडघ्याला लावला म्हणे?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. ही गोष्ट धाकटीनं सांगावी. आवाज काढून.

मी कंबरेवर हात ठेवायला उचललासुद्धा, अक्का. सवय! हात तसाच वर राहिला.

मग म्हणाले, "अक्कांनी नाही लावला. मी लावला. मी एकोणीस वर्षांची होते आणि मूर्ख होते. त्यांनी नको सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. आत्याबाईंनी विचारलं तेव्हा मी दाराआड केरसुणी धरून उभी होते. अक्कांची पंचमी बुडाली आणि मी झोका खेळायला गेले. इतकी वर्षं तुम्ही ज्यांना हसलात त्या शहाण्या होत्या. हसायचं तर मला हसा."

कोणी हसलं नाही. वाढणारी सून हातात भाताचं पातेलं घेऊन तशीच उभी राहिली. मला वाटलं, झालं, आता ही माणसं मला आयुष्यभर बघतील ती अशीच बघतील. आणि खरं सांगू? छातीवरून जातं उतरल्यासारखं हलकंही वाटलं. मी पानावर मान घालून बसले. डोळ्यांतलं पाणी वरणात पडत होतं, आणि तुला ठाऊक आहे, मला जास्तीचं मीठ मना आहे.

सुमन उठली. तुझी लेक, तुझ्याच चालीची. माझ्यासमोर येऊन उकिडवी बसली. माझ्या पानावर अजून एक पुरणाची पोळी वाढली, वर तूप. मी म्हणाले, "पुरे गं, जात नाही." तिनं ऐकलं नाही. मी ती पोळी संपवेपर्यंत समोरून हलली नाही. मग पदरानं माझं तोंड पुसलं, हाताला धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली:

"काकू, मला लई आधीपासून ठाऊक हाय. आई मला सांगून गेलीय, 'धाकटी ज्या दिवशी चारचौघांत बिब्ब्याचं कबूल करंल ना, त्या दिवशी तिला कुणी बोलू नका अन् जास्त रडू बी देऊ नका. पोटभर जेवू घाला, अन् मग काय बी झालं तरी झोपू देऊ नका, धरून शंभर पावलं चालवा. तेवढीच शिक्षा.' उठा आता. म्हणा, ओंदु."